आधी रस्ता, मग माप, मग दुकान : ऑफिसला जायची सायकल निवडताना

नोकरीला लागल्यावर घेतलेली पहिली सायकल मी रंग बघून घेतली होती. पुढे-मागे सस्पेन्शन, जाडजूड टायर, एकवीस गिअर. पुण्यात डहाणूकर कॉलनीतून नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता आणि सेनापती बापट रस्त्याने विद्यापीठ चौक, असा साधारण ८ किलोमीटरचा माझा रोजचा रस्ता. पहिल्या आठवड्यात तीन दिवस गेलो, दुसऱ्यात एक दिवस, आणि महिनाभरात सायकल जिन्याखाली गेली. आपल्यात दमच नाही, असं मी धरून चाललो. दोन वर्षांनी मित्राची साधी हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली, सायकल आठवडाभर वापरायला मिळाली, तेव्हा सेनापती बापट रस्त्याच्या त्याच चढावर कळलं की दम पुरेसा होता, सायकल त्या रस्त्याची नव्हती.

जिन्याखाली धूळ खात पडलेल्या अशा सायकली आपल्याकडे जवळपास प्रत्येक सोसायटीत दिसतात. त्या घेणाऱ्यांपैकी बरेच जण मनापासून सुरुवात करतात आणि चुकीच्या वस्तूमुळे थांबतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत दुकान मुद्दाम उशिरा ठेवलं आहे.

पहिली पायरी : रस्ता वहीत उतरवा

नकाशावर अंतर बघून भागत नाही. कुणाची तरी सायकल मागून घ्या, कसलीही चालेल, आणि रविवारी सकाळी घर ते ऑफिस एकदा जाऊन या. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या वेळेला पुन्हा जा. घरी आल्यावर लगेच लिहून काढा.

चढ कुठे आहे, किती लांब आहे, आणि त्याच्या पायथ्याशी सिग्नल आहे का? वेगात येऊन चढायचा चढ आणि सिग्नल सुटल्यावर उभ्याने सुरू करायचा चढ यांत फार फरक असतो. रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे? पेव्हर ब्लॉक, केबलसाठी खोदून अर्धवट बुजवलेले चर, एकापाठोपाठ एक गतिरोधक. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर तेही लिहा, कारण बारीक टायर त्यात अडकतो. पावसात पाणी साठणाऱ्या जागा तुम्हाला आधीच ठाऊक असतील.

मुख्य रस्त्याऐवजी आतल्या गल्ल्यांतून जाता येतं का, हेही बघा. एक किलोमीटर जास्त पडला तरी चालेल. गल्लीतली पाच मिनिटं रोज परवडतात, बसच्या बाजूने जीव मुठीत धरून जाणं रोज परवडत नाही. पुण्यात काही रस्त्यांना सायकल ट्रॅक आहेत, पण ते सलग नाहीत. त्यांच्या भरवशावर सायकल निवडू नका.

आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न : सायकल दोन्ही टोकांना कुठे उभी राहणार? तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल, तर सायकलचं वजन हा रोज दोनदा भेटणारा प्रश्न आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोखंडी रेलिंग किंवा खांब आहे का, सुरक्षारक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात जागा मिळते का, हे आधीच विचारून घ्या. कपडे बदलायला जागा आहे का, तेही.

एवढं झालं की अंतराचा अंदाज बांधता येतो. एका बाजूला ५ किलोमीटरपर्यंत आणि सपाट रस्ता असेल, तर बिनगिअरची साधी सायकलही छान चालते. ५ ते १५ किलोमीटर, मध्ये चढ-उतार, म्हणजे पुण्यातले बरेच लोक : गिअरची हायब्रिड. त्याहून लांब असेल तर रोजचा हट्ट सोडा. आठवड्यातून दोन दिवस सायकल आणि बाकी दिवस बस किंवा मेट्रो, ही योजना टिकते.

दुसरी पायरी : प्रकार ठरवा

काळी उंच साधी सायकल, जिच्यावर एकेकाळी हे शहर चालायचं, ती अजूनही मिळते. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, सगळं अंगचंच. कुठल्याही कोपऱ्यावरचा मेकॅनिक डोळे मिटून दुरुस्त करतो. वजन मात्र २० किलोच्या आसपास, आणि चढावर उतरून ढकलावी लागते. सपाट गावात, छोट्या अंतराला तिच्याइतकी भरवशाची दुसरी नाही.

माउंटन बाइक, म्हणजे एमटीबी, आपल्याकडे खूप खपते आणि रोजच्या डांबरी रस्त्याला ती सर्वात कमी लागते. पुढचं सस्पेन्शन खड्ड्यांसाठी चांगलं, असं दुकानदार सांगतो. खड्ड्यात ते दबतं, हे खरंच आहे. पण स्वस्त सायकलवरच्या सस्पेन्शनमध्ये साधी स्प्रिंग असते. चढावर जोर लावला की तुमच्या पायाची ताकद चाकाला जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जाते. शिवाय अख्ख्या सायकलचं वजन त्यामुळे दीड-दोन किलोंनी वाढतं आणि दोन पावसाळ्यांत ते गंजून आखडतं. मागेही सस्पेन्शन असलेली स्वस्त सायकल तर रोजच्या प्रवासाला घेऊच नका. माझी तशीच होती.

खड्ड्यांवरचा खरा उपाय टायरमध्ये आहे. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा, योग्य हवा भरलेला टायर पुण्यातले बहुतेक धक्के पोटात घेतो. म्हणून सरळ हँडल, पुढे ताठ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), मध्यम टायर आणि ॲल्युमिनियमची फ्रेम असलेली हायब्रिड ही माझी स्पष्ट शिफारस आहे. तिचं वजन १२ ते १४ किलो भरतं. रस्त्याचा काही भाग खरोखर कच्चा असेल, तर पुढेच सस्पेन्शन असलेली एमटीबी घ्या आणि तिचे खाचांचे टायर काढून गुळगुळीत टायर बसवून घ्या. तेवढ्या बदलाने सायकल पालटते.

वाकड्या हँडलची रोड बाइक वेगवान असते, पण तिचा २५-२८ मिलिमीटरचा टायर पेव्हर ब्लॉकवर हाडं खिळखिळी करतो. घडीची सायकल मेट्रो किंवा लोकलला जोडून वापरायची असेल तरच घ्या. गुडघ्याचं दुखणं असेल किंवा चांदणी चौकासारखा चढ रोजच वाट्याला येत असेल, तर बॅटरीवरची सायकल घेण्यात काहीही कमीपणा नाही. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर तिला लायसन्स किंवा नोंदणी लागत नाही. पायडल मारायचंच असतं. मदत किती घ्यायची ते तुमच्या हातात.

तिसरी पायरी : गिअर मोजू नका, दाते मोजा

एकवीस गिअर म्हणजे पुढे पायडलपाशी ३ दातेरी चक्र्या, मागच्या चाकाला ७. पण त्या एकवीसपैकी बरेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरकच कळत नाही, आणि पुढची मोठी चक्री मागच्या मोठ्या चक्रीला जोडली तर चेन तिरकी होऊन झिजते. आकडा विसरा. सर्वात हलका गिअर किती हलका आहे, एवढंच बघा.

त्याचा हिशोब सोपा आहे. पुढच्या चक्रीचे दाते भागिले मागच्या चक्रीचे दाते, गुणिले चाकाचा घेर. काळ्या साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. चढावर तुमचा वेग ताशी ८ किलोमीटरवर आला, की मिनिटाला फक्त २४ फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेरा जिना चढल्यासारखा, सगळा भार गुडघ्यावर. आता हायब्रिडला पुढची छोटी चक्री २८ दात्यांची आणि मागची मोठीही २८ ची असली, तर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर. त्याच वेगाला मिनिटाला साठ फेरे पडतात. बसून, श्वास सांभाळत चढता येतं.

म्हणून दुकानात सायकलपाशी वाका आणि दाते मोजा, किंवा चक्रीवर कोरलेला आकडा वाचा. छोटी पुढची चक्री मागच्या मोठ्या चक्रीइतकी किंवा तिच्याहून लहान असेल, तर शहरातला कुठलाही चढ निघतो. पुढे एकच चक्री असलेल्या सायकली हल्ली येतात, त्या नवख्यांना सोप्या. चेन उतरण्याची कटकट कमी. त्यात पुढे ३८ दाते आणि मागची सर्वात मोठी ३४ किंवा त्याहून मोठी असावी.

गिअर शिमानो या जपानी कंपनीचे आहेत एवढ्याने काही ठरत नाही. त्यातही प्रती आहेत : टूर्नी सर्वात खालची, मग ऑल्टस, मग असेरा. रोजच्या वापराला टूर्नी चालते, ऑल्टस मिळाली तर बरं. त्याच्या वर जायची गरज मला कधी पडली नाही.

चौथी पायरी : माप

इथे घाई करू नका. महागडी पण मापाची नसलेली सायकल पाठ आणि गुडघे दुखवते, आणि साधी पण मापाची सायकल वर्षानुवर्षं साथ देते.

घरी भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून, सीटवर बसल्याइतका दाब येईल असं वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्याला मोजायला सांगा. ही तुमच्या पायाच्या आतल्या बाजूची लांबी. समजा ती ७८ सेंटिमीटर भरली. बूट घालून सायकलच्या आडव्या दांडीच्या दोन बाजूंना पाय टेकवून उभे राहिलात, की दांडी आणि शरीर यांत तीनेक सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. नसतील तर फ्रेम मोठी आहे. ‘सीट खाली करून देतो’ असं कुणी म्हणालं तरी घेऊ नका. सीट खाली होते, फ्रेम लहान होत नाही.

सीटच्या उंचीसाठी तीच लांबी ०.८८ ने गुणा. ७८ ला साधारण ६९ सेंटिमीटर येतात. पायडल जिथे फिरतं त्या मधल्या ॲक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटखालच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. टेप नसेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल माराल तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तेच बरोबर.

आपल्याकडे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत या भीतीने सीट खाली ठेवायची सवय आहे. सायकल चालवून होणाऱ्या गुडघेदुखीचं एक नेहमीचं कारण हेच. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन बाजूंना पाय टेकवून उभं राहायचं असतं. मोकळ्या मैदानात दोन दिवस सराव केला की जमतं. भीती जात नसेल तर सीट एकदम न चढवता आठवड्याला एक सेंटिमीटर वर करा.

हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावेत. हात ताणून धरावे लागले तर मान आणि खांदे अवघडतात. स्त्रियांसाठी वेगळी ‘लेडीज सायकल’च हवी असं नाही, पण साडी किंवा सैल कुर्ता घालून जायचं असेल, तर खाली झुकलेली दांडी, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल बघा. ओढणी चाकात जाणं हा गमतीचा विषय नाही. सीट मात्र प्रत्येकाने स्वतः बसून बघावी. मऊ गादीसारखी सीट दुकानात सुखाची वाटते आणि अर्ध्या तासाने रुतते. बसण्याची दोन हाडं टेकतील इतकी रुंद आणि बऱ्यापैकी घट्ट सीट चांगली.

पाचवी पायरी : ब्रेक, टायर, व्हॉल्व्ह

ब्रेकबद्दल थोडक्यात. रिम दाबणारे व्ही-ब्रेक स्वस्त, हलके, कुठेही दुरुस्त होणारे. डिस्क ब्रेक ओल्या रस्त्यावर अधिक खात्रीचे. चार महिने पावसात चालवणार असाल तर डिस्क घ्या, तेही वायरवर चालणारे. वायर कुणीही बदलून देतो. फक्त कोरड्या दिवसांत चालवणार असाल तर व्ही-ब्रेक पुरतात.

टायरच्या बाजूला हवेची मर्यादा छापलेली असते. ७० किलोच्या माणसाला ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० ते ६५ पीएसआय ठीक. हवा आठवड्याला बघा. कमी हवेने सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून पंक्चर होते.

व्हॉल्व्ह कुठला आहे, हा प्रश्न बारीक वाटतो, पण रस्त्यात अडकल्यावर मोठा होतो. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. बारीक लांब व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अडॅप्टर कायम पिशवीत ठेवा.

सहावी पायरी : आता दुकान

सकाळी जा, गर्दी नसताना. खिशात वही ठेवा. हातात असलेल्या पैशांचे चार भाग करा आणि सायकलवर तीनच खर्च करा. वीस हजार असतील तर सायकल पंधराची. उरलेल्या पाचात हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, कुलूप, मडगार्ड, कॅरिअर, पंप. ही यादी ऐच्छिक नाही. मडगार्ड नसलेल्या सायकलने जुलैत ऑफिसला जाऊन बघा. शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. म्हणून फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, हे घेण्याआधी तपासा. पाठीवरच्या सॅकमुळे पाठ घामाने भिजते. डबा आणि कपडे कॅरिअरच्या पिशवीत गेले की बराच प्रश्न सुटतो.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे, आणि पट्टा लावून डोकं हलवल्यावर सरकता कामा नये. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही घेऊन खांबाला लागलं पाहिजे.

सायकल चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चाक उचलून फिरवा : ब्रेकपाशी डावी-उजवीकडे लचकत असेल तर आउट काढून, म्हणजे चाक सरळ करून, मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी खटखट जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल जिथे फिरतं तो सांधा, ढिला आहे. पायडल धरून आडवं हलवा, तिथेही खेळ नको. मग सगळे गिअर एकेक करून टाका. खोक्यातून आलेली सायकल असेल तर हे सगळं मेकॅनिककडून करून घ्या. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं; घरी घाईत बसवताना त्याचे आटे हमखास जातात.

जुनी सायकल घ्यायची असेल तर चांगलंच. फक्त फ्रेमच्या जोडांपाशी रंगाखाली तडा आहे का, हे उन्हात बघा. चेन, टायर, ब्रेक ब्लॉक बदलता येतात. फ्रेम बदलता येत नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल तर खाऱ्या हवेमुळे चाकाच्या लोखंडी तारा आणि नटबोल्ट लवकर गंजतात. तिथे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि स्टेनलेस स्टीलच्या तारा यांवर थोडे जास्त पैसे घाला.

सातवी पायरी : तब्येत कमावणं

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. माझा ८ किलोमीटरचा रस्ता आरामात अर्ध्या तासाचा आहे. जाऊन-येऊन तास. आठवड्यात तीन दिवस गेलं तरी १८० मिनिटं झाली, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. सायकलीची खरी कमाई ही आहे.

पहिले दोन आठवडे फक्त दोन दिवस जा, मध्ये एक दिवस विश्रांती. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीन दिवस. पाचव्यापासून चार. वेग बघू नका, बोलून बघा : पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर योग्य. पायडलचे फेरे मिनिटाला ७० ते ९० ठेवा, म्हणजे हलका गिअर आणि चपळ पाय. जड गिअर रेटण्यात मर्दुमकी वाटते, पण गुडघे त्याची किंमत मोजतात. सहा आठवड्यांनी, आठवड्यातून एकदाच, घरी परतताना एखाद्या चढावर तीन-चार वेळा मिनिटभर दमून जोर लावा. सकाळी नको, दिवसभर घाम राहतो.

वजनाबद्दल खरं सांगायला हवं. ७० किलोच्या माणसाने मध्यम वेगाने तासभर सायकल चालवली, की साधारण साडेचारशे किलोकॅलरी खर्च होतात. परतताना खाल्लेले दोन वडापाव हा सगळा हिशोब बरोबरीत आणू शकतात. दम, झोप आणि मन यांत बदल लवकर जाणवतो. वजन ताटावर अवलंबून राहतं. शिवाय सायकलने हात, पाठ आणि हाडं यांना फारसा व्यायाम होत नाही, त्यामुळे आठवड्यात दोनदा सूर्यनमस्कार, बैठका किंवा टेकडी चढणं जोडा. हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा साखर असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. अर्धा सेंटिमीटर बदलून चार दिवस बघा. हात बधिर होत असतील तर हँडल थोडं वर घ्या.

देखभाल आणि पहिला महिना

भिजून आलात की चेन जुन्या कापडाने पुसा आणि प्रत्येक कडीवर चेनच्या तेलाचा एक थेंब सोडा, मग पुन्हा पुसा. वरचं तेल धूळ पकडतं, आतलं काम करतं. स्वयंपाकाचं तेल कधीही नको, ते चिकट होतं. गढूळ पाणी साठलेलं असेल तर त्यातून जाऊ नका; खाली उघडं गटार आहे की नाही, ते दिसत नाही. उतरून कडेने चाला.

नवी सायकल महिनाभर चालली की तिच्या चाकांच्या तारा सैल पडतात आणि गिअर-ब्रेकच्या वायरी ताणल्या जातात. गिअर अडखळायला लागतो, ब्रेकची मूठ हँडलपर्यंत येते. सायकल खराब निघाली असं समजून ती जिन्याखाली ठेवली जाते, ती बहुधा याच आठवड्यात. खरेदी करतानाच महिन्याभरानंतरची सर्व्हिस फुकट आहे का ते विचारून पावतीवर लिहून घ्या, कॅलेंडरवर तारीख मांडा, आणि त्या दिवशी दोन्ही चाकांचा आउट काढून, वायरी ताणून घ्या.